बिनधुराचे काका

पहिल्या भेटीत माणसं नाव विचारतात, गाव विचारतात. काकांनी माझ्या पापडांना सुया टोचल्या.

आम्ही अमेरिकेत ॲन आर्बरला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायला येऊन आठवडाही झाला नव्हता. २००३ चा सप्टेंबर. ऊन बरं पडलं होतं, म्हणून मी मागच्या डेकवर जुनी चादर अंथरून उडदाचे पापड वाळत घातले होते. खालच्या दारातून एक उंच, जरा वाकलेला, स्वेटरच्या कोपरांना ठिगळं लावलेला म्हातारा बाहेर आला. त्यानं पापडांकडे पाहिलं, खिशातून टीव्हीच्या रिमोटएवढं यंत्र काढलं, त्याच्या दोन सुया एका पापडात खुपसल्या आणि आकडा वाचला.

"सतरा. अजून एक दिवस लागेल. यंत्र लाकडाची ओल मोजायचं आहे, पण अंदाज येतो."

हे आमचे घरमालक.

"काका, हे तळायचे आहेत. जाळायचे नाहीत."

"ओलं काहीही धड तळलं जात नाही अन् धड जळत नाही," ते म्हणाले, आणि टोचलेला पापड उचलून घेऊन गेले.

माणूस थोडा हललेला आहे, असं माझं तेव्हाच मत झालं. आज ते यंत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये असतं आणि दर उन्हाळ्यात मी पापडांना टोचते. माझ्याबद्दल नातीचं काय मत झालंय ते मी अजून विचारलेलं नाही.

काका मूळचे अकोल्याकडचे. तरुणपणी शिकायला म्हणून इकडे आले आणि मग एका मोटारींच्या कंपनीत, इंजिनात इंधन पूर्ण कसं जळेल, या एकाच प्रश्नावर त्यांनी नोकरी काढली. निवृत्त झाले, काकू गेल्या, मूलबाळ नव्हतं. प्रश्न मात्र शिल्लक होता. घराच्या तळघरात गॅसची चांगली फर्नेस असूनही ते घर लाकडानं गरम करायचे. खालच्या दिवाणखान्यात काळा, बुटका, काचेच्या दाराचा लोखंडी स्टोव्ह होता. त्याच्या बरोबर वर छताला, म्हणजे आमच्या जमिनीला, हातभर लांबीची लोखंडी जाळी बसवलेली. त्या जाळीतून ऊब वर यायची. बोलणंही यायचं. इथल्या मराठी मंडळातले लोक त्यांना पाठीमागे लाकूडकाका म्हणायचे. पुढेही म्हणाले असते तर त्यांना आवडलं असतं.

तेव्हाची मी हा एक स्वतंत्र प्रकार होता. वय सदतीस. रसायनशास्त्रात एम.एस्सी. पुण्यात अकरावी-बारावीच्या मुलांना ज्वलनाचा धडा इतक्या वेळा शिकवलेला, की झोपेतही समीकरण तोललं असतं. आणि आता नवऱ्याच्या व्हिसावर 'डिपेंडंट'. नवरा विद्यापीठाच्या लॅबमध्ये दिवसभर उंदरांबरोबर. शिकवायला कोणी उरलं नाही की मास्तरीण दिसेल त्याला शिकवते. मी बसच्या ड्रायव्हरला रस्ता सांगायचे.

घर नवऱ्यानं आमच्याआधी येऊन ठरवलं होतं. दारासमोर बसस्टॉप आहे, एवढंच त्यानं पाहिलं. घरात लाकूड जळतं हे त्यानं मला सांगितलं नाही, कारण सप्टेंबरात ते त्यालाही दिसलं नव्हतं. आमच्या नऊ वर्षांच्या लेकीला दमा होता. पुण्यात दिवाळीचे चार दिवस आम्ही खिडक्या लावून, ओला टॉवेल दाराच्या फटीला लावून बसायचो. तिची छाती वाजायला लागली की मला दुसरं काही ऐकू येत नसे. त्यामुळे स्टोव्ह पाहिला त्या दिवशी मी तिचा हात धरून तडक खाली गेले.

"काका, मुलीला दमा आहे. आम्हाला धूर चालणार नाही."

"मलाही चालत नाही."

"पण तुम्ही लाकूड जाळता."

"लाकूड जाळतो. धूर करत नाही. धूर म्हणजे न जळलेलं लाकूड, बाई. केमिस्ट्री शिकवत होती न तू?"

हे मला लागलं. मी म्हटलं, "ती एकदा जरी खोकली, तर आम्ही दुसरं घर बघू."

काकांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, "तुम्ही कशाला जाता? स्टोव्हमुळे खोकली तर स्टोव्ह जाईल." आणि माझ्याकडे पाठ करून लेकीसमोर गुडघ्यावर वाकले. "डील?"

"डील," ती म्हणाली, आणि दोघांनी हात मिळवले. मला कोणी विचारलं नाही.

थंडी पडली आणि मी हेरगिरी सुरू केली. रोज सकाळी सात वाजता काका ड्रेसिंग गाऊनवर जाड कोट चढवून अंगणात जाऊन उभे राहायचे आणि मान वर करून चिमणीकडे बघायचे. शेजारच्या अमेरिकन बाईंना वाटायचं, हे सूर्यनमस्काराच्या आधीचं काहीतरी आहे. चिमणीच्या तोंडाशी हवा थरथरताना दिसायची, बाकी काही नाही. मग आत येऊन ते मोठ्यानं, स्वतःलाच सांगावं तसं म्हणायचे, "काही नाही." त्यांच्या दिवसातली ही सगळ्यांत मोठी बातमी.

आग ते वरून लावायचे. तळाशी जाड लाकूड, त्यावर मध्यम, अगदी वर काड्या, आणि काडी पेटवायची ती सगळ्यांत वर. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसूच आवरेना.

"काका, आमच्याकडे होळीसुद्धा खालून लावतात."

"म्हणून तर अख्खी गल्ली खोकते."

वरून लावलेली आग हळूहळू खाली उतरायची, आणि खालच्या लाकडातून निघणारा धूर वरच्या ज्वाळेत सापडून जळून जायचा. काचेतून पाहिलं की लाकडाला न चिकटलेल्या, अधांतरी नाचणाऱ्या ज्वाळा दिसायच्या. काका त्यांच्याकडे बोट दाखवून लेकीला म्हणायचे, "तो बघ धूर. जेवण होऊन राहिलं त्याचं." बारा वर्षं ज्वलन शिकवलेल्या बाईनं धूर जळताना आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. अर्थात तसं कबूल करण्याइतकी ती शहाणी नव्हती. "हो, माहितीये," असं म्हणून वर गेली.

लाकडांचं त्यांना लोणच्यासारखं होतं. फोडायचं, रचायचं, वरून पत्रा टाकायचा, बाजूंनी वारा खेळू द्यायचा, आणि मुरल्याशिवाय हात लावायचा नाही. आमच्या भागातल्या ॲश जातीच्या झाडांना त्या वर्षांत कीड लागली होती आणि गल्लीतलं एकेक झाड पडत होतं. काका शेजाऱ्यांकडून ते लाकूड मागून आणायचे. ॲश वर्षभरात वाळतं, ओकला दोन वर्षं लागतात. प्रत्येक थप्पीवर खडूनं साल लिहिलेलं असायचं. कापल्याचं नव्हे, जाळायचं. ज्या थप्पीची पाळी आलेली असेल तिच्यावर लाल फडकं. शिवाय आत आणण्याआधी दोन तुकडे कानाशी एकमेकांवर आपटायचे. टणक वाजलं तर आत, भद्द वाजलं तर परत.

दोन हिवाळे गेले. लेक स्टोव्हमुळे एकदाही खोकली नाही. खोकली ती माझ्या ठेच्यामुळे. तव्यावर मिरच्या टाकल्या की जाळीतून आवाज यायचा, "बाई, माझ्या चिमणीतून निघत नाही एवढं तुझ्या तव्यातून निघून राहिलं. खिडकी उघड, पोरगी आहे घरात." मग मी खिडकी उघडून, थंडीत कुडकुडत, तणतणत मिरच्या परतायचे. लेक जाळीपाशी पालथी पडून खाली ओरडायची, "Thank you, आजोबा!" तिचा दम्याचा पंप दप्तराच्या तळाशी जाऊन पडला होता. एकदा सापडेना म्हणून शोधाशोध झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की महिनाभर तो कोणी काढलाच नव्हता. त्या दिवशी मी काकांना शिरा नेऊन दिला. कशाबद्दल ते सांगितलं नाही.

काका वर्षातून एकदाच घर सोडायचे. डिसेंबरात एका मित्राच्या गाडीतून दोन दिवस शिकागोला, देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर. ज्वारीचं पीठ आणायला आणि केस कापायला. तिथला एक न्हावी केस कापल्यावर डोकं चेपून द्यायचा, आणि त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातात काका आपलं डोकं देत नसत. मागच्या दोन खेपांना जाताना त्यांनी फर्नेस लावून दिली होती. २००५ साली ते निघताना मी जिन्यावर उभी राहून म्हटलं, "फर्नेस कशाला? मी आहे ना. माझं सगळं लहानपण चुलीसमोर गेलंय."

ही शुद्ध थाप होती. माझं लहानपण पुण्यात गॅसच्या सिलिंडरसमोर गेलं. चूल होती ती मामाकडे, आणि ती मी मे महिन्यात पंधरा दिवस बघायचे. पण त्या पंधरा दिवसांतलं एक दृश्य मनात पक्कं बसलं होतं. मामी रात्री चुलीतले निखारे राखेत झाकून ठेवायची आणि सकाळी फुंकणीनं दोन फुंकरा घातल्या की आग हजर. काडी लागत नसे. लाकूड कमी जाळते ती खरी सुगरण, असं मामी म्हणायची.

काकांनी खिशातून पेन काढलं. मग कागदावर लिहून दिलं: लाल फडक्याची थप्पी. लहान आग, पण जोरात. हवेचा दांडा पूर्ण बंद करू नये. खाली मोठ्या अक्षरांत: आगीला झोपवू नये.

कागद वाचून मला वाटलं, यांना मामी नव्हती.

ते गेले. मी ठरवलं, की परत आल्यावर म्हाताऱ्याला दाखवायचं, त्याच्या निम्म्या लाकडात घर कसं गरम राहतं. लाल फडक्याच्या थप्पीत सगळी बारीक फोडलेली लाकडं. शेजारच्या थप्पीत ओकचे चांगले माझ्या मांडीएवढे ओंडके होते. जाड लाकूड जास्त टिकणार, हे सांगायला एम.एस्सी. लागत नाही. त्या थप्पीवर २००७ लिहिलं होतं. दोन ओंडके आत ठेवले, निखारे त्यांच्या कडेनं सारले, थोडी राख वरून पसरली आणि हवेचा दांडा टोकापर्यंत आत ढकलून हवा बंद केली. ज्वाळा बसल्या. लाल, शांत, मामीच्या चुलीसारखं दिसायला लागलं. मी हात झटकून वर गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी काच काळी ठिक्कर झाली होती. बाहेर पाहिलं तर चिमणीतून पिवळट, जाड धूर निघून छपरावरून खाली अंगणात उतरत होता. घरही गार. घाबरून मी स्टोव्हचं दार उघडलं, आणि रात्रभर कोंडलेला तो धूर माझ्या तोंडावर आला, छताला गेला आणि जाळीतून सरळ वर.

वर लेक शाळेचा अभ्यास करत होती. दोन मिनिटांत मला तो आवाज ऐकू आला. छातीतली शिट्टी. दोन वर्षांत ऐकला नव्हता, पण ओळखायला क्षणही लागला नाही. पंप शोधला, तिला स्वेटर चढवून पुढच्या पायऱ्यांवर बसवलं, पाठीवरून हात फिरवत राहिले. अर्ध्या तासानं शिट्टी थांबली. ती म्हणाली, "आई, I'm okay. But that was a lot of smoke."

तुम्हाला वाटेल, एवढं झाल्यावर बाई शुद्धीवर आली असेल. नाही. बाईनं फर्नेस लावली, खिडक्या उघडल्या, अर्धवट जळलेले ओंडके राखेच्या पत्र्याच्या बादलीत घालून, झाकण लावून बर्फात नेऊन ठेवले. मग ओल्या वर्तमानपत्राला स्टोव्हमधलीच गार राख लावून काच घासली. तांब्याची भांडी घासतात तशी. काच इतकी लखलखीत झाली, की काकांच्या राज्यात कधी नव्हती.

काका संध्याकाळी आले. केस बारीक, चेहरा हसरा. लेकीनं दार उघडलं आणि मी जिन्यावरून काही बोलायच्या आत सांगून टाकलं, "आजोबा, I coughed. There was smoke."

काकांनी पिठाची पिशवी खाली ठेवली. "स्टोव्हचा?"

"Yes."

त्यांनी मान हलवली. एकदा माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काय झालं कळेना बाई." हे वाक्य आजही आठवलं की मी एकटी असले तरी पदर तोंडाला लावते, आणि मी आता साडीसुद्धा नेसत नाही.

दुसऱ्या दिवशी लेक शाळेत गेल्यावर जाळीतून लोखंडाचा आवाज आला. डोकावले तर काका खाली पाना घेऊन स्टोव्हचं धुराडं सोडवत होते. जमिनीवर जुने पेपर पसरले होते. मी चहा घेऊन खाली गेले.

"काका, काय करताय?"

"डील होतं," ते म्हणाले. "दुपारी माणूस येईल न्यायला." आणि मग, पाना फिरवता फिरवता, "बारा वर्षांत असं झालं नाही. दार हवाबंद करणारी कडेची दोरी ढिली झाली असेल. की चिमणीच्या टोपीवर पक्षी बसला? माझंच काहीतरी चुकलं. पोरगीच्या छातीवर प्रयोग नको व्हायला पाहिजे होता."

मी चहा ठेवून वर आले. पोहे केले. पोहे घेऊन पुन्हा खाली गेले. ते एका वहीत काहीतरी लिहीत होते. त्यांच्या खांद्यावरून मला एवढंच दिसलं की 'चूक' हा शब्द होता आणि त्यापुढे 'माझी'. पोहे ठेवून मी वर आले. गंमत बघा, मला गॅसची फर्नेस हवी होती, ती आपोआप मिळत होती. गप्प राहायचं, बस. खाली तो म्हातारा स्टोव्हच्या दाराची दोरी बोटानं दाबून दाबून बघत होता, आजारी माणसाची नाडी बघावी तशी.

तिसऱ्यांदा मी रिकामी बशी न्यायला गेले. पोहे तसेच होते.

"काका, मी दांडा बंद केला होता."

त्यांचा हात थांबला. "किती?"

"पूर्ण. आणि राखेत झाकून ठेवलं होतं. आमची मामी ठेवायची तसं."

"कुठली थप्पी?"

"दोन हजार सात."

"ओक," ते पुटपुटले. "किती ओंडके?"

"दोन. मोठे."

मी पुढच्या बोलण्याची वाट बघत उभी होते. रागावतील, घर सोडा म्हणतील, निदान एम.एस्सी.वरून काहीतरी. काकांनी धुराड्याच्या नळीत ब्रश घालून ओढला. पेपरवर काळं, चकचकीत, डांबरासारखं काहीतरी पडलं. त्यांनी ते बोटावर घेऊन उजेडात धरलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की मी दोन पावलं मागे सरले.

"म्हणजे स्टोव्हचं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "दोरी ठीक आहे. टोपी ठीक आहे. अगं, काल सांगायचं न."

"लाज वाटली."

"मामीची चूल उघडी असते. ती झोपली तर घरभर धूर होतो आणि कौलातून जातो, मामी खोकते, तुला मे महिन्यात पंधरा दिवसांत ते दिसत नाही. ही चूल बंद. हिला झोपवलं तर धुरात सगळं डांबर राहतं, ते नळीत बसतं, आणि एक दिवस नळीच पेटते." मग थांबून म्हणाले, "झाकलेली आग अन् झाकलेली चूक, दोन्ही काजळी धरतात." आणि त्यांनी पोह्यांची बशी ओढली.

पंधरा दिवस हे मी त्यांना कधी सांगितलं होतं, ते मला आजतागायत आठवत नाही. नवऱ्यानं सांगितलं असणार. जाळीतून बोलणं दोन्ही बाजूंनी जायचं.

दोन घास खाल्ल्यावर त्यांनी विचारलं, "काच कशानं पुसली?"

"राखेनं. ओला पेपर, त्याला राख."

"मी दुकानातला फवारा वापरतो," ते म्हणाले, आणि वही उघडून लिहिलं. वर 'चूक माझी' खोडलेलं, खाली 'राख: उत्तम'. त्या वहीत माझ्या नावावर एवढी एकच गोष्ट जमा आहे.

पण स्टोव्ह परत जोडायचा की नाही, हे ते ठरवेनात. म्हणाले, डील माझं तुझ्याशी नव्हतं. मग दुपारी लेक शाळेच्या बसमधून उतरली, तेव्हा आम्ही दोघं अपराध्यासारखे दिवाणखान्यात बसलो होतो. मी तिला सगळं सांगितलं. मराठीत सांगितलं, म्हणजे निदान अर्धं कळणार नाही. सगळं कळलं.

तिनं स्टोव्हकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "आजोबा can keep it," ती म्हणाली. "But आई has to go outside and check. Every morning."

"बर्फ असला तरी?" मी विचारलं.

"रोज म्हणजे रोज," काका म्हणाले. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. न्यायला आलेल्या माणसाला पोहे खाऊ घालून परत पाठवलं.

त्या दिवसापासून सकाळी सातला ड्रेसिंग गाऊनवर जाड कोट चढवून अंगणात मी उभी राहायला लागले. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, की ही प्रार्थना कुटुंबातल्या सगळ्यांना करावी लागते का. आधी मी लाजेनं जायचे, मग रागानं, आणि कधीतरी नुसतीच जायला लागले. नाकातले केस गोठायचे, आभाळ निळंशार असायचं, चिमणीच्या तोंडाशी हवा थरथरायची. आत येऊन स्टोव्हसमोर बसलेल्या काकांना सांगायचं, "काही नाही, काका." ते म्हणायचे, "बरं."

दरम्यान त्यांनी मला आग शिकवली. वरून लावायला, ऐकून लाकूड निवडायला, जाड ओंडक्याच्या मोहाला बळी न पडायला. पुढच्या वर्षी ते शिकागोला गेले तेव्हा कागद लिहून दिला नाही. फर्नेसही लावली नाही. आल्यावर आधी वर चिमणीकडे पाहिलं, मग पिशवी खाली ठेवली. ते दोन दिवस माझ्या एम.एस्सी.च्या दोन वर्षांपेक्षा मोठे, असं मी आता म्हणते. तेव्हा फक्त म्हटलं, "केस छान कापलेत."

२००८ च्या जानेवारीत नवऱ्याला न्यू जर्सीत नोकरी लागली आणि आम्ही पार्सिपनीला निघालो. सामान गाडीत भरून झालं होतं. काकांनी लेकीच्या हातात ते सुयांचं यंत्र दिलं आणि सांगितलं, "आईच्या पापडांवर लक्ष ठेव." ती तेरा वर्षांची, वीतभर वाढलेली, रडत होती आणि रडताना तिची छाती अजिबात वाजत नव्हती. मला काकांना पुष्कळ बोलायचं होतं. तीन वेळा तोंड उघडलं, तीनही वेळा चहाचं विचारलं.

ते म्हणाले, "थंडी आहे, दार लावा," आणि आत जाऊन स्टोव्हसमोर बसले.

नवऱ्यानं गाडी सुरू केली. मी दार उघडून पुन्हा खाली उतरले, अंगणात गेले, मान वर केली. सातच्या ऐवजी अकरा वाजले होते, एवढाच फरक. निळ्या आभाळाखाली हवा थरथरत होती. मी खिडकीशी जाऊन काचेवर टकटक केली.

"काही नाही, काका."

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"बरं," आतून आवाज आला. "मग जा."